मार्ता, वय सत्तरच्या पुढे

पुंता इकाको, १२ मार्च

योकास्ता,

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. आवाजाचे निरोपही पाठवू नकोस, कारण मी उलट पाठवणार नाही. माझा आवाज तुझ्या हाती लागला की त्याचं काय होईल याचा आता भरवसा नाही. म्हणून कागद. एल्पिदिओ गुरुवारच्या विमानाने न्यूयॉर्कला परत चाललाय, त्याच्या हाती हे देते. मी इथे किती वेळा 'मी' म्हटलं आणि किती वेळा 'तू' म्हटलं ते खुशाल मोजत बस. कागदावरून निदान माणूस तरी ओळखू येत नाही.

प्रिय वगैरे लिहिलेलं नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

काल शनिवार. शनिवारी माझं पार्लर कसं असतं ते तू ऑक्टोबरात बघितलंस, त्या कोपऱ्यात मशीन मांडून बसली होतीस. काल तसंच भरलेलं होतं. फ्लेरिदा बाई, शाळेतल्या, डोकं रोलरनी भरून ड्रायरखाली बसल्या होत्या. त्यांच्या दिराने ब्राँक्सहून त्यांना काहीतरी पाठवलं होतं. ड्रायरखाली बसलेल्या बाईला काही ऐकू येत नाही, म्हणून ती फोनचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवते. फ्लेरिदा बाईंनी तेच केलं. वर ओरडून म्हणाल्या, ऐका गं, तिकडचे विद्यापीठवाले आपल्या बोलण्याचं काय काय करतात ते.

आधी सगळ्या हसल्या. एक म्हातारी बोलत होती आणि पावलागणिक 'मी' म्हणत होती. माद्रिदची बाई नुसतं 'गेले, बसले, बघितलं' म्हणून मोकळी होते, आपल्याकडची मात्र 'मी गेले, मी बसले, मी बघितलं' असं म्हणते, हेच तर तुझं संशोधन. आपण शब्दांची शेपटं खाऊन टाकतो आणि मग माणूस कळावा म्हणून पुढे 'मी' आणि 'तू' जोडत बसतो, हे तू मला केसांत रोलर घालून घेता घेता समजावलं होतंस. मला गंमत वाटली होती. मला वाटलं, एवढीशी गोष्ट, पोरीला त्यावर पगार मिळतो, मिळू दे.

मग हसणं थांबलं. कुणीतरी नळ बंद केला. इथे दिवसातून दहा वेळा वीज जाते, काल मेली गेली नाही. आईचा आवाज माझ्या पार्लरमध्ये शेवटपर्यंत वाजला.

"मी तिथे होते. मी त्याचा शर्ट धरला होता. इंजिन बंद पडलं होतं. मी बघितलं, मच्छीमारांची लाँच आली आणि कोम्पाद्रे तिच्यात चढले. मी म्हटलं, कोम्पाद्रे, तुम्ही आम्हाला सोडून चाललात का? ते म्हणाले, मी मदत घेऊन येतो. मी बघत राहिले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही."

तू नावं सगळी काढून टाकलीस म्हणे. खाली फक्त 'मार्ता, वय सत्तरच्या पुढे, पूर्व किनारा.' वा. गावात पाच हजार माणसं आणि आपल्या आईचा, एनेरियाचा, आवाज न ओळखणारं त्यात एक नाही. तिने आयुष्यभर रस्त्याने मासे ओरडून विकलेत. तिला तू 'मार्ता' करून लपवलंस. उंटावरून शेळ्या हाकणारे असेच असतात.

आणि 'कोम्पाद्रे' तेवढं ठेवलंस, कारण ते नाव नाही. हो ना? तुला विसर पडला असेल म्हणून सांगते. आपल्या आईला या जगात कोम्पाद्रे म्हणावं असा, लेकराच्या धर्ममातेचा नवरा, एकच आहे, समोरच्या निळ्या घरातला मिल्सियादेस. त्याच्या बायकोने, कोन्फेसोराने, आपल्या भावाला, राधामेसला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं. आई आणि ती एका आंब्याखाली वाढलेल्या, एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या. पण त्या दिवसापासून दोघी एकमेकींना 'तुम्ही' म्हणू लागल्या, कारण कोमाद्रेला, पोराच्या धर्ममातेला, 'तू' म्हणणं म्हणजे बाप्तिस्म्याचं पाणी परत मागणं. तुझ्या पुस्तकात हेही कुठल्या तरी रकान्यात असेल.

गावाला वीस वर्षं एवढंच ठाऊक होतं की आईला आणि राधामेसला चोरून परदेशी नेणारी ती होडी चालवणारा नागुआकडचा कुणी उपरा होता. मिल्सियादेस त्या आठवड्यात ईगुएला, भावाकडे होता. आई वाचून परत आली तेव्हा होडीवाला उपरा होता असं तिनेच सांगितलं. झाकली मूठ होती, ती तू उघडलीस. त्यात काय आहे हे बघितलंही नाहीस, बोटं तेवढी मोजलीस.

आईला अजून काही कळलेलं नाही. आज सकाळी ती ओसरीवर दोन कप कॉफी घेऊन बसली होती. कोन्फेसोरा आली नाही. आईने विचारलं, कोमाद्रे आजारी आहेत का? मी हो म्हटलं. या वयात तिला ती एकच मैत्रीण उरली आहे. तीही गेली तर आईच्या आयुष्यात माझ्याशिवाय आणि टीव्हीशिवाय काही राहणार नाही, आणि ते मी तुझ्या नावावर मांडेन.

इंटरनेटवरून ते पुसून टाक. आजच्या आज.

फिओरदालिसा


२२ मार्च

योकास्ता,

तुझं पत्र मिळालं. एल्पिदिओच्या बायकोच्या हाती धाडलंस, म्हणजे वाचलं तरी असेल तिने. वाचू दे. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, कारण त्यात काहीच नव्हतं.

'चूक झाली.' 'वाईट वाटलं.' 'नियमाप्रमाणे संमती घेतली होती.' 'यापुढे काळजी घेतली जाईल.' हे कोण बोलतंय गं? चूक कुणाकडून झाली? वाईट कुणाला वाटलं? तुझ्या दोन पानांत मला एकदाही तू भेटली नाहीस. आपल्या गावच्या बायका 'मी, मी' करतात म्हणून तुला एवढं कौतुक, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तुझा 'मी' कुठे गेला? तिकडे राहून तेवढं बरं शिकलीस.

आईने सही केली, लिहितेस. केली. तू सुट्टीवर आलेली लेक होतीस, तू पुढे केलेल्या कागदावर तिने सही केली. तू पावाच्या पिशवीवर सही मागितली असतीस तरी तिने केली असती. आणि तू तिला विचारलंस काय? मरणाच्या दारात कधी होतीस का. मी तिथेच होते, टॉवेल घड्या करत. तेव्हाच मी तुला बाजूला घेऊन म्हटलंसुद्धा, असलं काय विचारतेस म्हातारीला. तू म्हणालीस, ही आमची कामाची पद्धत आहे, हा प्रश्न विचारला की माणूस मशीन विसरतो आणि खरं बोलतो, म्हणजे जसं रोज बोलतो तसं. मग मी दुकानात गेले. मला वाटलं, ती वादळाची गोष्ट सांगेल, ज्यात आजोबांचं छप्पर उडालं.

कोन्फेसोरा मंगळवारी पार्लरमध्ये आली. मंगळवारी कुणी येत नाही हे बघून आली. केस धुवायचे म्हणाली. मी तिचं डोकं बेसिनमध्ये घेतलं, पाणी कोमट केलं. तिचे डोळे छताकडे. साबण लावून झाल्यावर म्हणाली, "फिओर, तो आवाज एनेरियाचा ना?"

मी म्हटलं, नाही हो, ती कुणी मार्ता आहे, खाली लिहिलंय ना.

ती म्हणाली, "मार्ता माझ्या नवऱ्याला कोम्पाद्रे कशाला म्हणेल?"

मी केसांतला साबण धुतला. ती उठली, टॉवेल डोक्याला तसाच गुंडाळून निघाली. मी म्हटलं, रोलर लावते, ओल्या डोक्याने जाऊ नका. ती म्हणाली, ईगुएच्या दिराला फोन करायचाय. तो आता नीट बोलतही नाही, अर्धांग झालंय त्याला, पण हो आणि नाही एवढं त्याला सांगता येतं. त्यानंतर ती माझ्याकडे आलेली नाही. तिचा दीर काय म्हणाला ते सगळ्या गल्लीला समजलं, कारण समोरच्या घरात रात्रीचं जेवण कुणी वाढलं नाही.

मिल्सियादेसही येऊन गेला. दारातच उभा राहिला, टोपी हातात. पार्लरच्या छपराबद्दल काहीतरी म्हणाला. ते तुला सांगायचं कारण नाही.

शनिवारी पार्लरमध्ये दोनच बायका आल्या, त्याही पलीकडच्या गावच्या. बाकीच्यांना माझ्या खुर्चीत बसून काय बोलावं ते कळेनासं झालंय. बायका पार्लरला केसांसाठी कमी आणि बोलायला जास्त येतात, हे तुला मी सांगायला नको. त्यासाठीच तर तू तुझं मशीन घेऊन तिथे बसली होतीस.

अजून ते तिथेच आहे. काल फ्लेरिदा बाईंनी बघून सांगितलं. तू म्हणतेस, विद्यापीठाच्या समितीला विचारावं लागतं. विचार. आणि विचारताना त्यांना हेही सांग की मार्ता तुझी आई आहे.

फिओरदालिसा


३१ मार्च, दुःखी मातेचा शुक्रवार

योकास्ता,

पुसलंस. फ्लेरिदा बाईंनी तीनदा शोधलं, सापडलं नाही. आभार मानत नाही. ज्याने घाण केली त्याने ती झाडली तर त्याचे आभार कुणी मानत नाही.

तू लिहितेस, दोन वर्षांचं काम त्या एका मुलाखतीवर उभं होतं, तीच सर्वांत सुंदर होती, एवढे 'मी' आणि इतक्या नैसर्गिक जागी दुसऱ्या कुणाच्या बोलण्यात नव्हते. हे वाचून मला एवढा संताप आला की मी कागद बेसिनमध्ये टाकला आणि मग परत काढून वाळवला. सुंदर. आपल्या भावाच्या मरणात तुला 'मी'च्या जागा सुंदर दिसल्या. तू ते किती वेळा ऐकलंस? शंभर वेळा ऐकलं असशील, मोजायला ऐकावंच लागतं. शंभर वेळांत एकदा तरी तुला वाटलं नाही की आपण आईला फोन करावा?

आई बरी आहे. मी तिला सांगितलं, सगळं मिटलं, पुसलं गेलं. तिने ऐकून घेतलं. आता हळूहळू सगळं पूर्वीसारखं होईल. कोन्फेसोराची खिडकी अजून बंद असते, पण उपवासाचे दिवस आहेत, बाई देवळात असते, एवढा अर्थ काढू नये.

गावात घरोघर घेवड्याची खीर शिजायला लागली आहे. नारळाच्या दुधाचा वास सगळ्या गल्लीत. दर वर्षी या शुक्रवारी समोरून पहिलं पातेलं यायचं आणि आपलं तिकडे जायचं. दोघींनी एकच खीर शिजवून अदलाबदल करायची, आणि मग वर्षभर म्हणत राहायचं की कोमाद्रे, तुमच्यात लवंग जास्त झाली होती. या वर्षी अजून आलेलं नाही. दिवस संपलेला नाही.

मला आता तुझ्याशी काही बोलायचं नाही. हे शेवटचं समज.

फिओरदालिसा


८ एप्रिल, पवित्र शनिवार

योकास्ता,

मागचं शेवटचं नव्हतं. आईने लिहायला बसवलंय. पण तिचा निरोप शेवटी. आधी तू हे वाचायचंस, कारण ते तुझ्यामुळे झालं आणि निस्तरावं मला लागलं.

आई बरी आहे असं लिहिलं होतं ते खरं नव्हतं. मी तिला सांगितलं की पुसलं गेलं, तेव्हा ती रताळी सोलत होती. तिने विचारलं, काय पुसलं? मग मला सगळं सांगावं लागलं, पार्लर, फ्लेरिदा बाई, मार्ता, सगळं. मला वाटलं ती रडेल, किंवा तुला शिव्या देईल. मी दोन्हीची तयारी करून बसले होते. तिने सुरी खाली ठेवली.

"पुसायला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, मी सांगितलं. तुझ्यासाठी.

"माझ्यासाठी की छपरासाठी?"

हे तुला लिहायचं नव्हतं, पण तिने समोर बसून लिहायला लावलंय, म्हणून लिहिते. पार्लरची जागा मिल्सियादेसची आहे. राधामेस गेला त्या वर्षी त्याने ती मला दिली, भाडं कधी मागितलं नाही. का देतोय असं मी विचारलं नाही. कोम्पाद्रेचा जीव मोठा आहे, असं मी लोकांना सांगायचे. आई तेव्हाही गप्प होती. आता नाही.

ती म्हणाली, "वीस वर्षं मी गप्प बसले ती कोन्फेसोराच्या पोरांसाठी. तो तुरुंगात गेला असता तर तिने तीन लेकरं कशी वाढवली असती? आता ती पोरं बाप झाली. मला वाटलं, आता कुणी विचारलं तर मी सांगेन. या घरात कुणी विचारलं नाही. तू विचारलं नाहीस. मग तुझी बहीण आली आणि म्हणाली, आई, तू मरणाच्या दारात कधी होतीस का? मला वाटलं, चला, विचारलं बाई एकदाचं कुणीतरी. मी तिला सांगितलं. मला मशीन दिसत होतं, फिओर. मी आंधळी नाही."

म्हणजे तुझी ती पद्धत. माणूस मशीन विसरतो. ती विसरली नव्हती. ती तुझ्याशी बोलत होती, आणि तू तिथे नव्हतीस, तू तुझ्या कामात होतीस. मला हे लिहिताना तुझा जेवढा राग येतो तेवढा माझाही येतो, पण माझ्या रागाशी तुला काही देणंघेणं नाही.

पुढचा आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. फक्त घेवडा भिजवला.

काल पवित्र शुक्रवार, येशूच्या मरणाचा दिवस. गल्लीत कुठे हातोडीचा आवाज नाही, रेडिओ नाही, समुद्रावर कुणी नाही. दुपारी आईने मोठं पातेलं भरलं, वर दुधाची छोटी बिस्किटं लावली, फडकं बांधलं आणि निघाली. मी म्हटलं, मी नेते, जड आहे. तिने दिलं नाही. मी म्हटलं, नको जाऊस, त्यांच्याकडे राजधानीहून मुलं आली आहेत, नातवंडं आहेत. ती म्हणाली, बरंच झालं. मी तिच्या मागे मागे चालले.

निळ्या घराचं दार उघडं होतं. सगळे जेवून बसलेले. मिल्सियादेस त्याच्या झुलत्या खुर्चीत होता, त्याच्याशिवाय त्या खुर्चीत कुणी बसत नाही. कोन्फेसोरा स्वयंपाकघराच्या दारात. आईने पातेलं टेबलावर ठेवलं आणि फडक्याला हात पुसले.

मिल्सियादेस अर्धा उठला. म्हणाला, या कोमाद्रे, बसा तुम्ही.

"मिल्सियादेस," आई म्हणाली, "त्या होडीत तू होतास."

'तू.' योकास्ता, मी माझ्या आयुष्यात आईला त्या माणसाला 'तू' म्हणताना ऐकलं नव्हतं. बुडत्या होडीतूनसुद्धा तिने त्याला 'तुम्ही' म्हटलं होतं, तू स्वतः ते ऐकलंयस. त्याचा थोरला मुलगा खुर्चीवरून उठला. मला वाटलं आईला बाहेर काढतो की काय. तो फक्त उभा राहिला.

"मी होते, तू होतास, माझं पोरगं होतं," आई म्हणाली. "मी हे मशीनला सांगितलं, ते पुसलं म्हणे. म्हणून आता तुझ्या तोंडावर सांगते. तू त्या लाँचमध्ये चढलास आणि तू परत आला नाहीस."

मिल्सियादेस म्हणाला, कोमाद्रे, आज शुक्रवार आहे, हे बोलायचा दिवस नाही. आई म्हणाली, मला कोमाद्रे म्हणू नकोस. मग तो खाली बघून बोलायला लागला. लाँचवाल्यांनी परत फिरायला नकार दिला. त्यांना पोलिसांची भीती होती. त्याने त्यांच्या पाया पडून सांगितलं. तो किनाऱ्याला लागला तेव्हा उजाडलं होतं, आणि मग कुणाला सांगायचं म्हणजे स्वतःचं नाव सांगायचं. असं बरंच काही. त्यातलं किती खरं ते मला माहीत नाही. म्हातारा रडत होता. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःची चीडही आली.

कोन्फेसोरा स्वयंपाकघराच्या दारातून निघाली. ती पुढे आली. "ईगुएला होतास म्हणालास," ती नवऱ्याला म्हणाली. "मी तुझे कपडे भरून दिले होते." ती त्याच्या खुर्चीपाशी उभी राहिली.

"ऊठ तिथून. एनेरियाला बसू दे."

तो उठला. त्याने टोपी घेतली आणि मागच्या दाराने समुद्राकडे गेला. कुणी त्याच्या मागे गेलं नाही, मुलंसुद्धा नाहीत. आई त्या खुर्चीत बसली. कोन्फेसोराने वाट्या काढल्या आणि आईने आणलेली खीर सगळ्यांना वाढली, नातवंडांना आधी. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. कोन्फेसोरा आईला म्हणाली, लवंग कमी टाकलीस. 'टाकलीस' म्हणाली, 'टाकलीत' नाही. त्यांचं ते कोमाद्रेचं नातं काल मोडलं, असं माझं मत आहे. त्यांच्यात आता काय आहे ते मला सांगता येणार नाही, पण आज सकाळी ओसरीवर दोन कप होते आणि दोन्ही रिकामे झाले.

पार्लर मी सोडलं. त्याने काढून घेतलं नाही, मी सोडलं. ड्रायर आज आपल्या पुढच्या खोलीत आणले, तुझ्या जुन्या पलंगाच्या जागी. पलंग मोडून टाकला आहे, यायचा विचार असेल तर हॉटेल बघ. फ्लेरिदा बाई पहिल्या आल्या, फोन पिशवीत ठेवून.

मी तुला माफ केलेलं नाही. आईने केलंय असं मला दिसतं, ते तिचं ती बघेल.

आता निरोप. काल संध्याकाळी कोन्फेसोरा आपल्या ओसरीवर आली आणि म्हणाली, मला ते ऐकायचंय, सगळं, माझ्या धर्मपुत्राचं आहे. माझ्या फोनवर फ्लेरिदा बाईंनी पाठवलेलं अजून होतं, ते पुसायला तू मला सांगितलं नव्हतंस आणि मीही पुसलं नव्हतं. मी लावलं. दोघी डोकी जवळ आणून ऐकत बसल्या. पार्लरमध्ये त्या दिवशी धक्क्यात मी पुढचं नीट ऐकलंच नव्हतं. लाँच निघून जाते, मग लाट येते, मग शर्ट हातातून सुटतो. त्यानंतर आई म्हणते, मी ओरडले, आणि तिथे मशीनमध्ये एक बारीक शिट्टी वाजते. मग आई म्हणते, मी परत ओरडले, आणि परत शिट्टी. सहा-सात वेळा.

कोन्फेसोराने विचारलं, ही शिट्टी कसली?

मी सांगितलं, योकास्ताचा नियम आहे, माणसाचं नाव आलं की ते खोडून वर शिट्टी लावायची, म्हणजे कुणी ओळखू नये.

आईने फोन माझ्या हातात दिला. मग तिने मला आत जाऊन कागद आणायला सांगितलं. मार्ता काढून तिथे तिचं नाव लिही म्हणते, एनेरिया, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. ते परत सगळ्यांना ऐकू येईल असं लाव. मूळ रेकॉर्डिंग तुझ्याकडे असेल, ते पुसलं असशील तर देव तुला बघून घेईल. आणि पुढचं तिने सांगितलं तसंच्या तसं लिहिते, एक शब्द इकडचा तिकडे करत नाही.

"योकास्ता, मी समुद्रात शिट्ट्या मारत नव्हते. मी माझ्या पोराला हाक मारत होते."

फिओरदालिसा